डीव्हीडी रायटरचे फर्मवेअर अद्ययावत करण्याबाबत

१५ जानेवारी २००६, रविवार

काल मराठी मंडळाच्या लोकांबरोबर पानिपतजवळच्या काला अंबला, युद्धस्मारकावर, जाऊन आलो. दोन बस, एकशे चार माणसं, तिळगूळ, गुळाच्या पोळ्या आणि हाडं गोठवणारी थंडी. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं पानिपतात हरलेल्या लढाईला नमस्कार करायला जातात. यंदा मला बोलायला सांगितलं होतं. 'पानिपतच्या पराभवाचे प्रशासकीय कारण' या विषयावर मी अठ्ठेचाळीस मिनिटं बोललो. माझा मुद्दा साधा आहे. लेखी आदेश नव्हते. सगळा कारभार तोंडी, नाहीतर घोडेस्वाराच्या हाती निरोप. कुणी कुणाला काय सांगितलं, याची एक कार्यालयीन प्रत नाही. असं कुठे सैन्य चालतं का? विसाव्या मिनिटाला निम्मी मंडळी पोळ्यांच्या डब्यांकडे सरकली. पण कॅमेरा रुचिताच्या हातात होता आणि चालू होता, त्यामुळे भाषण वाया गेलेलं नाही.

रुचिता आमची एकुलती एक. बारावीला आहे. जन्म इथलाच, आर. के. पुरमचा. मराठी बोलते, पण मध्येच एखाद्या शब्दापाशी थबकते आणि हिंदीतून पुढे निघते.

परतीच्या बसमध्ये मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव म्हणाले, "उपासनी, तुमच्याकडे डीव्हीडी लिहिणारा कॉम्प्युटर आहे ना? पाच फेब्रुवारीला संमेलन. या सहलीच्या साठ डीव्हीडी वाटून टाकू." मी 'सहल' ऐवजी 'अभिवादन यात्रा' असं सुचवलं आणि जबाबदारी स्वीकारली.

आज सकाळी नव्या पाकिटातली कोरी डिस्क आत घातली. ड्राइव्ह तीनदा घरघरला आणि डिस्क बाहेर ढकलली. पडद्यावर सूचना आली, कोरी डिस्क घाला. कोरीच घातली होती. पाकिटात अजून नव्व्याण्णव आहेत.

१६ जानेवारी, सोमवार

ऑफिस सुटल्यावर नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. कॉम्प्युटर ज्याच्याकडून जोडून घेतला तो अशोक गर्दीतही ओळखतो. म्हणाला, "अंकल, ड्राइव्ह एकदम ठीक है. डिस्क नई है, आपका फर्मवेअर पुराना. वो इसको पहचानता ही नहीं. अपडेट मार दो, दो मिनट का काम है."

फर्मवेअर म्हणजे काय ते विचारलं. म्हणाला, ड्राइव्हच्या पोटात त्याचा स्वतःचा मेंदू असतो. कोणत्या डिस्कला मानायचं आणि कोणत्या नाही, याची लिस्ट त्यात असते.

हे मला लगेच समजलं. म्हणजे अनुज्ञेय डिस्कची सूची आहे. नव्या डिस्कचा तीत समावेश नाही, म्हणून ड्राइव्हने ती शेऱ्यासह परत केली. खरं सांगायचं तर ड्राइव्हचं वागणं मला पूर्णपणे नियमानुसार वाटलं. माझ्या सेक्शनमध्ये असा एकही माणूस नाही.

घरी आल्यावर रुचिताने तपासून दिलं. आपलं फर्मवेअर १.०२. कंपनीच्या साइटवर १.०६. मधल्या १.०३, १.०४ आणि १.०५ चं काय झालं याचा खुलासा कुठेही नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

कंपनीच्या सूचना छापून घेतल्या. चार पानं. दोनदा वाचल्या, तिसऱ्यांदा भिंग घेऊन वाचल्या. अपडेट चालू असताना वीज गेल्यास ड्राइव्ह कायमचा निकामी होईल. चुकीची आवृत्ती घातल्यास निकामी होईल. आणि शेवटी, बारीक अक्षरात, कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.

तेवीस वर्षं मी या सरकारची सेवा करतो आहे, अवर सचिव आहे. जबाबदार कोण हे ठरल्याशिवाय कागद हलवायचा नसतो, एवढं मला कळतं. कंपनी हात झटकून मोकळी. मग राहिलं कोण? मीच. म्हणून फाइल उघडली. फा. सं. घर/१/२००६.

हे सगळं मी मोठ्याने वाचत होतो तेव्हा रुचिता कॅमेरा घेऊन समोर उभी होती. का गं, विचारलं तर म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड राहील ना." मला बरं वाटलं. घरात कुणाला तरी नोंदीचं महत्त्व कळतं.

जेवताना तिने स्वतःचा विषय काढला. दक्षिणेतल्या एका संस्थेत फिल्मचं संकलन शिकवतात. वीसच जागा. आठ मिनिटांच्या आतली स्वतःची फिल्म डीव्हीडीवर, शिवाय अर्जावर पालकांची सही, आणि हे सगळं ३१ जानेवारीला तिथे पोचायला हवं. अर्ज तिने डिसेंबरातच माझ्याकडे दिला होता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

"बाबा, एकतीस तारीख आहे."

"तारखा वाढतात," मी म्हटलं. हा माझा अनुभव आहे. शिवाय आधी ग्रॅज्युएशन, मग यूपीएससी. छंद काय, पुढे सवडीने होतोच. तिचा अर्ज मी फेटाळलेला नाही. विचाराधीन ठेवला आहे.

"विचाराधीन म्हणजे पेंडिंग ना?" तिने आईला विचारलं.

"पेंडिंगच्या पुढचं," अलकनंदा म्हणाली. सौभाग्यवती दुसऱ्या एका मंत्रालयात टपाल विभागात आहे. पेंडिंग कशाला म्हणतात ते तिला ठाऊक असायला हवं.

१८ जानेवारी, बुधवार

निर्णय होईपर्यंत ड्राइव्हला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्या तोंडावर आडवी कागदी पट्टी डकवली. 'वापर करू नये. प्रस्ताव विचाराधीन.' खाली सही आणि तारीख. ऑफिसात आंतरराष्ट्रीय अंक, म्हणजे इंग्रजी आकडे, घरी देवनागरी, हा माझा जुना नियम, त्याप्रमाणे १८/१/०६ घातलं.

रुचिताने पट्टी चिकटवतानाचं चित्रण केलं. गोंद नीट बसला नाही म्हणून दुसऱ्यांदा करायला लावलं. मी केलं.

२० जानेवारी, शुक्रवार

समितीची बैठक चहाच्या वेळी झाली. मी अध्यक्ष, अलकनंदा वित्त, रुचिता तंत्र.

रुचिताचं म्हणणं असं की अपडेटला दोन मिनिटं लागतात आणि आपला यूपीएस चार मिनिटं चालतो, तर आत्ता लगेच करून टाकू. अलकनंदा म्हणाली, "दोनाला चार पुरतात की हो." मी म्हटलं, यूपीएसवर दहा मिनिटं लिहिलेलं आहे आणि चालतो चार. जो सहा मिनिटं खोटं बोलतो, त्याच्या उरलेल्या चारांवर विश्वास कसा ठेवायचा? यावर दोघींनीही उत्तर दिलं नाही, तेव्हा ते मान्य झालं असं इतिवृत्तात लिहिलं.

ठराव: (अ) वीज कधी जाते याची नोंदवही ठेवावी. (आ) कंपनीला पत्र लिहून जबाबदारी निश्चित करून घ्यावी. (इ) पर्यायी जागेची पाहणी करावी.

इतिवृत्तावर सह्या घेतल्या. रुचिता माझ्या सहीकडे बराच वेळ पाहत होती. "बाबा, ही सही आहे की गांडूळ?" म्हणाली. माझी सही आता दोन रेघा आणि एक टिंब इतकीच उरली आहे, हे खरं. दिवसाला दोनशे कागदांवर सही करून पाहा म्हणावं.

२१ जानेवारी, शनिवार

कंपनीला काल ई-मेल केली होती. दोन मिनिटांत पोच आली, सोबत तेरा आकडी संदर्भ क्रमांक. परदेशी कंपन्यांकडून हे शिकावं. आमच्याकडे संदर्भ क्रमांक मिळायला माणसं आठवडाभर खेटे घालतात.

सगळ्यांचे गीझर एकदम लागले की आमच्याकडे वीज जाते, म्हणून सेक्टरमधल्या शेजाऱ्यांकडे जाऊन गीझर कधी लावता याची चौकशी केली. एका दारात सरदारजींनी दहा मिनिटं समजून घेतलं आणि शेवटी विचारलं, "जी, कोई ऑपरेशन है घर में?" त्यांची सहानुभूती मनापासूनची होती. रुचिता पाठीमागे कॅमेरा घेऊन होती, तिला ठसका लागला.

२२ जानेवारी, रविवार

आज पर्यायी जागेची पाहणी केली. अलकनंदाचा धाकटा भाऊ सुजय गुडगावला टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. कुठल्याशा अमेरिकन कंपनीचे हिशेब इथे बसून तपासतो. दिवाळीपासून त्याचं चालूच आहे, "भाऊजी, इकडे या. चोवीस तास बिजली, हंड्रेड पर्सेंट बॅकअप. सरकारी क्वार्टरमध्ये काय ठेवलंय?" मी सकाळी नऊलाच निघालो. दोघींना चला म्हटलं, तर रुचिताला फिजिक्स होतं आणि अलकनंदाला मटार सोलायचे होते. दोघींनी दाराशी उभं राहून हात हलवला. एवढ्या अगत्याने मला कुणी निरोप दिल्याचं आठवत नाही.

गुडगावात जाताना रस्ता तीनदा संपतो. एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत, आणि मध्ये एका म्हशीला रस्ता ओलांडायचा होता, ती मध्येच थांबली. सुजयच्या टॉवरचं नाव इटलीतल्या कुठल्या तरी गावावरून ठेवलेलं आहे. फाटकावरच्या शिपायाने माझं नाव, वडिलांचं नाव आणि भेटीचं कारण लिहून घेतलं. भेटीचं कारण 'विद्युतपुरवठा तपासणी' असं सांगितल्यावर त्याने मला सलाम ठोकला.

लिफ्ट बंद होती. बॅकअप होता, पण डिझेल यायचं होतं. अकरा मजले चढलो. सातव्यावर बसलो, नवव्यावर परत बसलो. वर सुजय घामाघूम होऊन उभा होता. सोसायटीच्या लोकांना फोनवर इंग्रजीत झापत होता. चहा झाला. मग डिझेल आलं, वीज आली, आणि मी घड्याळ लावून बसलो. दुपारभरात वीज चार वेळा गेली आणि चारही वेळा बॅकअपने आली, पण दर वेळी मधल्या काळात चार सेकंद अंधार. मी सुजयला दाखवून दिलं. तो म्हणाला, "भाऊजी, चार सेकंदांत काय होतं?"

फर्मवेअर मरतं, मी म्हटलं. जागा नामंजूर केली.

घरी आलो तर दोघी फार खुशीत. मटारच्या करंज्या केल्या होत्या, नेमक्या माझ्यासाठी म्हणे. ड्राइव्ह तपासला. पट्टी जागच्या जागी, अखंड.

२३ जानेवारी, सोमवार

सकाळी उजेडात पट्टी परत पाहिली. एक गोष्ट खटकली. तारीख आंतरराष्ट्रीय अंकांत आहे. म्हणजे घरी सही करताना मी ऑफिसात असल्यासारखा वागलो. वय होत चाललं आहे, दुसरं काय. सही मात्र त्या दिवशी विशेष चांगली झाली आहे. सबंध नाव वाचता येतं, 'श्यामकांत उपासनी', आणि 'श्या'ला छानसं वळण. बऱ्याच वर्षांत इतकी मनापासून सही केली नव्हती. गांडूळ म्हणणारीला मुद्दाम बोलावून दाखवली. तिने मान्य केलं.

२४ जानेवारी, मंगळवार

कंपनीकडून काहीच नाही. पहिलं स्मरणपत्र पाठवलं.

अलकनंदा आज पंधरा मिनिटं आधीच निघाली, कसलंसं स्पीडपोस्ट गाठायचं म्हणून. तिच्या विभागात कामाची अशी तळमळ कधीपासून आली?

रुचिताला म्हटलं, चल, गीझरच्या दुसऱ्या फेरीचं चित्रण करू. म्हणाली, "टेप संपली बाबा."

२९ जानेवारी, रविवार

आज निर्णय घेतला.

नोंदवहीवरून वीज सकाळी सात ते दहा या वेळात जाते, म्हणून अकराचा मुहूर्त ठरवला. आंघोळ केली. शेजारच्या तीन घरांना गीझर न लावण्याची विनंती केली. अलकनंदाला मेन स्विचजवळ खुर्ची टाकून बसवलं. ती विणकाम घेऊन बसली. कंपनी जबाबदार राहणार नाही, तर मी राहीन, असं फाइलवर लिहून सही केली. पट्टी सोलून फाइलला लावली.

रुचिताने तो प्रोग्रॅम उघडून दिला आणि मागे सरकून उभी राहिली. मी बटण दाबलं. ड्राइव्हची तपासणी सुरू झाली. आणि पडद्यावर आलं: सध्याची आवृत्ती १.०६. आपला ड्राइव्ह अद्ययावत आहे. अपडेटची गरज नाही.

मी तीनदा पाहिलं. मग उलगडा झाला. मंगळवारचं स्मरणपत्र. कंपनीने टेलिफोनच्या तारेतून परस्पर कार्यवाही करून टाकली, आणि कळवायची तसदी घेतली नाही. काम कसंही करोत, पण झालं. पत्रव्यवहार नेटाने केला की काम होतं, हे मी रुचिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बिल्कुल, बाबा." अलकनंदा मेन स्विचजवळ बसून इतकी हसत होती की तिचे टाके सुटले. आनंदाचं हसणं होतं ते.

नवी डिस्क घातली. ड्राइव्हने स्वीकारली. संध्याकाळपर्यंत साठ डिस्क झाल्या. कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं.

५ फेब्रुवारी, रविवार

संमेलन झालं. रुचिताने साडेतीन तासांच्या टेपची बावीस मिनिटं केली आहेत. माझं भाषण दीड मिनिट. "लेखी आदेश नव्हते" असं मी म्हणतो आणि लगेच आमच्या दोन बस वेगवेगळ्या दिशांना वळताना दिसतात, कारण ड्रायव्हरला रस्ता कुणी लिहून दिला नव्हता. सभागृह हसून हसून लोळलं. मला राग यायला हवा होता, पण मुद्दा तर माझाच सिद्ध झाला होता.

गुलाबराव जवळ येऊन म्हणाले, "उपासनी, तुमचं भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं."

घरी येताना रुचिताला सांगितलं, छान जोडलंस हं. तिने कॅमेऱ्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "बाबा, माझा फॉर्म अजून ड्रॉवरमध्येच आहे ना?" मी हो म्हटलं. एकतीस तारीख टळून गेली, याची आठवण मला तेव्हा झाली. वाईट वाटलं. पुढच्या वर्षी पाहू म्हटलं. तिने मान हलवली, फारशी दुःखी दिसली नाही. बारावीचा अभ्यास सुरू झाला की मुलं मोठी होतात.

२ मार्च, गुरुवार

आमच्याकडे टपाल मी उघडतो. आज त्या दक्षिणेतल्या संस्थेचं पत्र आलं, रुचिताच्या नावाचं.

'आपली फिल्म "प्रस्ताव विचाराधीन" निवड समितीला अतिशय आवडली. मुलाखतीस १० एप्रिलला यावे. सोबत पालकांचे संमतिपत्र आणावे. त्यावरील सही अर्जावरील सहीशी जुळणे आवश्यक.' खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'फिल्ममधील वयस्क नट कोणत्या नाटक मंडळीचे आहेत, हे कळवल्यास आभारी राहू.'

उभ्या उभ्या तीनदा वाचलं. मग ड्रॉवर उघडला. अर्ज तिथेच आहे, कोराच. म्हणजे दुसरा अर्ज आहे, आणि त्यावर माझी सही आहे, जी मी केलेली नाही.

मग बावीस जानेवारी डोळ्यांसमोर आला. मटार. करंज्या. इंग्रजी आकडे. फाइल काढून पट्टी पाहिली. अठरा तारखेला मी दोन रेघा आणि टिंब काढलं होतं, वळणदार 'श्या' नव्हे. मी अकरा मजले चढत होतो तेव्हा घरी दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झालं होतं.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या सेक्शनमधल्या एका कारकुनाने रजेच्या अर्जावर साहेबांची खोटी सही केली होती. त्याचं आरोपपत्र मी स्वतः लिहिलं होतं, पाच परिच्छेदांचं. आज पहिला परिच्छेद आपोआप डोक्यात तयार झाला आणि तिथे मुलीचं नाव आलं. मला ते सहन झालं नाही. जेवलो नाही.

४ मार्च, शनिवार

दोन दिवस घरात बोललो नाही. रुचिताचे डोळे सुजलेले आहेत. सोमवारी तिचा इंग्रजीचा पेपर.

आज सकाळी अलकनंदाने चहा समोर आपटला. "बोला काय ते. फर्मवेअर मीच करायला सांगितलं. स्पीडपोस्ट मी केलं. मेमो द्यायचा तर मला द्या."

"खोटी सही केली तिने."

"तुम्ही खरी दिली असतीत तर कशाला केली असती? आधी फिल्म पाहा. न वाचता शेरा मारायची सवय ऑफिसात ठेवा."

ती डिस्क लावून आत निघून गेली. मी एकटाच पाहिली.

सात मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. मी भिंग घेऊन चार पानं वाचतो. मी गोंद लावतो, परत लावतो. सरदारजी ऑपरेशनबद्दल विचारतात. मी समितीचं इतिवृत्त वाचून दाखवतो, आणि मागे अलकनंदा डोळे मिटून बसलेली. एका पोरीचा अर्ज ड्रॉवरमध्ये पडून असतो. दर मिनिटाला त्या ड्रॉवरचं चित्र येतं, सोबत एक तारीख, आणि तारीख पुढे सरकते. हा माणूस हास्यास्पद आहे, असं मला वाटलं. मग वाटलं, नट चांगला आहे. त्या माणसाला मी ओळखतो हे कबूल करायला मला वेळ लागला.

शेवटाकडे एक प्रसंग आहे, जो मला आठवतच नाही. मी रुमालाने कॉम्प्युटरचा पडदा पुसतो आहे. मग कॅमेऱ्याकडे पाहून विचारतो, "रुचू, ही खुर्ची तुला बुटकी पडते का गं? मान दुखत असेल." आणि उत्तराची वाट न पाहता आत जातो, ऑफिसातून आणलेली माझी उशी घेऊन येतो, तिच्या खुर्चीवर ठेवतो, दोनदा दाबून पाहतो. या कामासाठी मी कुठली समिती नेमलेली नाही. त्यानंतर एक हात पुढे येतो, पट्टी हळूच सोलतो, ड्राइव्ह उघडतो. आणि फिल्म संपते.

तिने काही लपवलं नव्हतं. गुन्हा करून तो स्वतःच जोडून पाठवला होता.

मला लाज वाटली. मुलीचा इतका अभिमान मला आजवर वाटला नव्हता, हेही लिहून ठेवतो. दोन्ही एकदमच होतं.

मग फाइल घर/१/२००६ काढली, त्या पट्टीखाली 'कार्योत्तर मंजुरी' असं लिहिलं आणि बंद केली. रुचिताच्या खोलीत जाऊन म्हटलं, "संमतिपत्र आण." ती रडायलाच लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वयस्क म्हटलेलं मला आवडलेलं नाही, हे त्या लोकांना कळव, असंही सांगितलं.

५ मार्च, रविवार

सकाळी तिने संमतिपत्र पुढे ठेवलं. मी सही केली. दोन रेघा, एक टिंब.

तिने कागद उचलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, ही जुळणार नाही."

तिच्या अर्जाची झेरॉक्स तिने शेजारी ठेवली. तेच सबंध नाव, तेच वळण. मी विचारलं, माझी अशी सही तुला मिळाली कुठे? तिने कपाटातून तिच्या प्रगतिपुस्तिका आणल्या आणि पहिलीची उघडली. तिमाही, सहामाही, वार्षिक. तिन्ही ठिकाणी 'श्यामकांत उपासनी', एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. आणि दर सहीच्या वर बारीक अक्षरात 'पाहिले, फार आनंद झाला' असं मीच लिहिलेलं. दुसरीच्या पुस्तिकेत आनंद गेला. चौथीत नाव गेलं.

"मला हीच येते," ती म्हणाली. "आताची कॉपी करायला खूप कठीण आहे."

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, रविवारी सकाळी, भारत सरकारचा एक अवर सचिव स्वतःची सही गिरवायला बसला. मुलगी शेजारी उशीवर बसून सांगत होती, 'श्या' अजून गोल, बाबा, घाई करू नका. या डायरीची मागची तीन पानं त्यात गेली. हात वळत नव्हता. सतराव्या खेपेला जमली.

संमतिपत्रावर सही केली, खाली तारीख घातली. तिने परत माझ्याकडे सरकवलं. अर्जावर इंग्रजी आकडे आहेत, म्हणाली. दुसरी प्रत काढली, इंग्रजी आकडे घातले.

सहीच्या वर चार बोटं जागा कोरी होती. तिथे मी एक ओळ लिहिली, पहिलीच्या पुस्तिकेतली. ती नमुन्यात बसत नाही. राहू दे.